आधी टाका, मग पाहा: पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील सक्तीच्या सॉफ्टवेअरचा इतिहास

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या पट्ट्यातल्या लहान कारखानदाराने एखादे सॉफ्टवेअर पारखून, चार ठिकाणी विचारून, स्वतःच्या पसंतीने घेतल्याचे प्रसंग थोडे आहेत. त्याच्या ऑफिसातल्या संगणकावर जे काही चढले, ते बहुतेक वरून आले. काही ग्राहक कंपनीने सांगितले म्हणून, काही सरकारी खात्याने बंधनकारक केले म्हणून. दोन्हीकडची पद्धत सारखीच होती. काम कसे चालते हे दिसण्याआधी प्रोग्राम यंत्रावर टाकून घ्यायचा, त्याच्यासाठी लागणारे आणखी दोन-तीन प्रोग्राम टाकायचे, आणि एवढे करून तो चालला नाही तर हार्डवेअरवाल्याला बोलावून स्वतःच्या खर्चाने चालवून घ्यायचा.

या सक्तीची मुळे संगणकाच्या आधीची आहेत. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि भोसरी-चिंचवडचे भूखंड आखले गेले. १९६६ मध्ये टेल्कोने पुण्याच्या कारखान्याची सुरुवात केली, आकुर्डीत बजाज होतीच. मोठ्या कारखान्यांच्या भोवती सुटे भाग करणाऱ्यांची शेकडो युनिटे उभी राहिली आणि ती ग्राहकाच्या ड्रॉइंगवर चालू लागली. पोलाद कोणत्या ग्रेडचे, माप कोणत्या गेजने तपासायचे, तपासणी अहवालाचा नमुना कोणता, हे सगळे ग्राहक ठरवी. ड्रॉइंगवर सही करून माल घेणाऱ्याने पुढे ते ड्रॉइंग कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे हेही ठरवावे, यात कोणाला नवल वाटले नाही. संगणकाची सक्ती त्याच जुन्या वाटेने शेडमध्ये शिरली.

केंद्र सरकारचे नवे संगणक धोरण नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झाले आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत हिशेब, पगारपत्रक आणि साठ्याची नोंद यांसाठी मध्यम कारखान्यांत संगणक दिसू लागले. त्या काळात सॉफ्टवेअर वापरून पाहण्याचा मार्ग म्हणजे विक्रेत्याचा माणूस. तो फ्लॉपी घेऊन येई, तासभर दाखवी आणि फ्लॉपी घेऊन जाई. विकत घेतल्यावर कित्येक पॅकेजांबरोबर हार्डवेअर लॉक मिळे. प्रिंटरच्या पोर्टमध्ये लावायचा हा लहानसा ठोकळा नसेल तर प्रोग्राम उघडत नसे. मराठी अक्षरजुळणीसाठी प्रेसमध्ये आणि कार्यालयांत वापरले जाणारे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ही अशा लॉकसह येई. लॉक हरवले, जळले, की पैसे देऊन घेतलेला प्रोग्राम बंद. ज्याने प्रामाणिकपणे खरेदी केली त्यालाच हा त्रास होता. क्रॅक केलेली प्रत वापरणाऱ्याला लॉक लागत नसे.

कायद्याने १९९५ मध्ये या चोरवाटेला अटकाव केला. कॉपीराइट कायद्यातील १९९४ ची दुरुस्ती त्या वर्षी मे महिन्यात अमलात आली आणि कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा किमान सात दिवस कैदेचा गुन्हा ठरला. अधिकृतपणे वापरून पाहण्याची सोय मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. ती आली संगणक मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींमधून. ‘पीसी क्वेस्ट’, ‘चिप’ आणि नंतर ‘डिजिट’ यांच्या सीडीवर शेअरवेअर आणि तीस दिवसांच्या चाचणी आवृत्त्या असत. तीस दिवस संपल्यावर प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत मागे राहत, यंत्र मंद होई आणि अखेर ‘फॉरमॅट मारणे’ हाच उपाय उरे. एखाद्या कारखान्यात एकच संगणक असेल आणि त्याच्यावरच चलने निघत असतील, तर नवे काही टाकून पाहण्याची हिंमत कोणी करत नसे, आणि ते बरोबरच होते.

हिशेबाच्या ‘टॅली’ या प्रोग्रामने चाचणीचा वेगळा मार्ग काढला. परवाना न घेताही प्रोग्राम शैक्षणिक स्थितीत चालतो, पण व्यवहाराची नोंद महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येते. प्रत्यक्ष धंद्याला ही सवलत निरुपयोगी असली तरी शिकणाऱ्याला ती पुरते. भोसरी-चिंचवडच्या संगणक क्लासांतून टॅली शिकून बाहेर पडलेल्या अकाउंटंटमुळेच लहान कारखान्यांत हा प्रोग्राम रुजला. सक्ती न करता पसरलेल्या सॉफ्टवेअरचे या पट्ट्यातले हे सर्वांत ठळक उदाहरण मानावे लागेल.

मराठी वाचण्यासाठीही त्या काळात काहीतरी टाकून घ्यावे लागे, हे आज सहज विसरले जाते. प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा फाँट वेगळा होता आणि तो उतरवून घेतल्याशिवाय पानावर निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडने हा प्रश्न सुटायचा होता. पण विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांचा आधार मुळात बंद असे. तो चालू करायला नियंत्रण फलकातल्या एका चौकटीत खूण करावी लागे, आणि तसे करताच यंत्र एक्सपीची मूळ सीडी मागे. ज्यांचे विंडोज दुकानदारानेच टाकून दिलेले होते त्यांच्याकडे सीडी कुठली असणार? २००७ च्या व्हिस्टापासून देवनागरी आपोआप दिसू लागली. तोपर्यंत कामगारांसाठीच्या मराठी सूचना अनेक कारखान्यांत बाहेरच्या डीटीपीवाल्याकडूनच करून घेतल्या जात.

ग्राहकाकडून आलेल्या सक्तीचे मुख्य रूप म्हणजे डिझाइनचे सॉफ्टवेअर. कागदावरचे ड्रॉइंग जाऊन त्रिमितीय मॉडेल आले, तेव्हा प्रत्येक वाहन कंपनीने आपापली प्रणाली निवडलेली होती. फ्रेंच दासो कंपनीचे कॅटिया, सीमेन्सचे एनएक्स, प्रो-इंजिनिअर अशी ती नावे. एका प्रणालीत केलेले मॉडेल दुसरीत जसेच्या तसे उघडत नाही. आयजीईएस आणि १९९४ पासूनचे स्टेप हे सामायिक नमुने आहेत. त्यांतून आकार जातो, पण तो आकार कोणत्या पायऱ्यांनी घडला तो इतिहास सामान्यतः जात नाही. ग्राहकाने एक भोक दोन मिलिमीटर सरकवले तर मूळ फाइलमध्ये तो एक आकडा बदलून काम होते, स्टेपमध्ये आलेल्या फाइलीत तेवढ्यासाठी बराच भाग नव्याने रचावा लागू शकतो. म्हणून टूलरूम आणि डाय करणाऱ्यांना ग्राहक वापरतो तेच पॅकेज, बहुतेकदा त्याच आवृत्तीचे, ठेवावे लागले. तीन ग्राहक असले तर तीन पॅकेजे.

२००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पिंपरीच्या टेल्को आवारातून निघाल्यानंतर चाकणच्या नव्या कारखान्यात उत्पादन करू लागली. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, मर्सिडीजच्या मातृसंस्थेने, म्हणजे डाइमलरने, कॅटिया सोडून एनएक्सवर जाण्याचा निर्णय जाहीर केला. असा निर्णय श्टुटगार्टमध्ये होतो आणि त्याचे परिणाम पुरवठादारांच्या साखळीतून दूरवर पोहोचतात: नवा परवाना, नवे प्रशिक्षण, जुन्या फाइलींचे रूपांतर. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने बहुतेक उत्पादनांचे कायमचे परवाने विकणे थांबवून वार्षिक भाडे सुरू केले, तेव्हा ऑटोकॅडवर चालणाऱ्या लहान फॅब्रिकेटरसमोर जुनी आवृत्ती जपून ठेवणे किंवा दरवर्षी पैसे भरणे एवढेच दोन मार्ग उरले.

ग्राहकाच्या सक्तीत निदान एक हिशेब होता; पॅकेज घेतले की ऑर्डर मिळण्याची आशा असे. सरकारी सक्तीत तोही नव्हता. तिचा आरंभ २००३ च्या ई-टीडीएस योजनेत सापडतो. कंपन्यांनी उद्गम करकपातीचे विवरण फाइलीच्या रूपात द्यायचे आणि ती फाइल आधी एनएसडीएल या संस्थेच्या तपासणी प्रोग्राममधून पार करायची असे ठरले. एफव्हीयू या नावाने सगळे अकाउंटंट ओळखतात तो हा प्रोग्राम जावावर चालतो. त्याच्या नव्या आवृत्त्या वेळोवेळी येतात आणि जुन्या आवृत्तीत तपासलेली फाइल स्वीकारली जात नाही. २००५ मध्ये महाराष्ट्रात व्हॅट आला. त्याचे ई-विवरणपत्र एक्सेलच्या साच्यात भरायचे होते आणि साच्यातले मॅक्रो चालण्यासाठी एक्सेलची सुरक्षापातळी खाली आणावी लागे. २००६ मध्ये कंपनी खात्याचा एमसीए-२१ प्रकल्प सुरू झाला. त्याचे फॉर्म पीडीएफमध्ये होते आणि ते भरायला ॲडोबी रीडर आवश्यक होते. अबकारी खात्याची विवरणपत्रेही ऑक्टोबर २०११ पासून सर्वांना ऑनलाइन भरणे बंधनकारक झाले.

प्रत्येक खात्याने स्वतःपुरता विचार केला. कारखानदाराच्या टेबलावर मात्र ही सगळी खाती एकाच संगणकावर येऊन बसली.

सर्वांत जास्त मनस्ताप डिजिटल सहीने दिला. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि अशा सहीला कायदेशीर मान्यता मिळाली. ती सही यूएसबी टोकनमध्ये असते. टोकन लावले की आधी त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो, मग ब्राउझर आणि टोकन यांच्यात बोलणे घडवणारा दुवा. सुरुवातीला हा दुवा जावा ॲपलेटचा होता, काही ठिकाणी इंटरनेट एक्सप्लोररच्या ॲक्टिव्ह-एक्सचा. महापालिकेच्या किंवा राज्य शासनाच्या ई-निविदा भरणाऱ्याला त्यावाचून पर्याय नव्हता.

जावाने आपल्याबरोबर आणखी पाहुणे आणले. ओरॅकलच्या जावा इन्स्टॉलरमध्ये ‘आस्क’ टूलबारची चौकट आधीच खूण करून ठेवलेली असे. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जाणाऱ्याच्या ब्राउझरचे मुखपृष्ठ आणि शोधयंत्र त्यामुळे बदलून जाई. हा टूलबार जावा टाकून झाल्यावर सुमारे दहा मिनिटे थांबून मग गुपचूप चढतो, हे २०१३ मध्ये तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या एका पत्रकाराने दाखवून दिले; लगेच काढायला गेलेल्याला तो यादीत सापडतच नसे. सुरक्षेसाठी दिलेल्या प्रत्येक अद्ययावत आवृत्तीबरोबर तीच चौकट पुन्हा समोर येई. २०१५ मध्ये आस्कची जागा याहूने घेतली. ॲडोबी रीडरबरोबरही मॅकॅफीचा सुरक्षा तपासक असाच जोडून येत असे. कर भरण्यासाठी कायद्याने लागणारा प्रोग्राम हा जाहिरातदाराला हमखास गिऱ्हाईक मिळवून देणारा रस्ता झाला, आणि त्या रस्त्यावर सरकारनेच नागरिकाला उभे केले होते. कोणत्याही खात्याने त्या चौकटीतली खूण काढण्याची सूचना ठळकपणे दिली असती तर एवढा उपद्रव टळला असता.

जानेवारी २०१४ मध्ये जावाच्या ७-अपडेट-५१ या आवृत्तीने अधिकृत सही नसलेली ॲपलेट अडवायला सुरुवात केली. तेव्हापासून जावाच्या नियंत्रण फलकात जाऊन अपवादांच्या यादीत संकेतस्थळाचा पत्ता घालणे हा प्रत्येक निविदेपूर्वीचा विधी झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने जावा ॲपलेट चालवणे बंद केले. मग जुना इंटरनेट एक्सप्लोरर तेवढा उरला. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यालाही निरोप दिला. एका खात्याच्या संकेतस्थळाला जावाची जुनी आवृत्ती लागे, दुसऱ्याच्या प्रोग्रामला नवी. अनेक ऑफिसांनी यावर साधा तोडगा काढला. एक जुना संगणक टेंडरसाठी आणि विवरणपत्रांसाठी बाजूला ठेवला, त्याचे अपडेट बंद केले आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असे ठरवले. ज्या यंत्रावर कंपनीची सही वापरली जाते तेच यंत्र असे सर्वांत असुरक्षित राहिले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा ॲपलेटची जागा एमसाइनर या वेगळ्या प्रोग्रामने घेतली. तो संगणकावर टाकायचा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालू करायचा, मग ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता आणि १५८५ हा पोर्ट उघडून, ब्राउझर धोक्याची सूचना देत असताना, तरीही पुढे जा असे सांगायचे. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हे जमले नाही तर विलंब शुल्क. ‘ब्राउझर धोका म्हणाला तर थांबा’ असे एका बाजूला बँका शिकवत होत्या आणि त्याच अकाउंटंटला दुसऱ्या बाजूला ती सूचना ओलांडायची सवय लावली जात होती.

सक्तीने टाकलेला प्रोग्राम किती घातक ठरू शकतो, हे त्याच महिन्याच्या तोंडावर जगाने पाहिले. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. त्याचा शिरकाव झाला तो एम.ई.डॉक या लेखा-कर प्रोग्रामच्या अपडेटमधून. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी असंख्य कंपन्या तो वापरत होत्या आणि तिथे व्यवसाय करणाऱ्या परदेशी कंपन्यांनीही तो घेतला होता. माएर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. तिच्याच समूहाकडे असलेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनल ठप्प झाले आणि कंटेनरची कामे हाताने करावी लागली. पुणे-चाकण पट्ट्यातले सुटे भाग कंटेनरने परदेशी जातात ते मुख्यतः याच बंदरातून. युक्रेनमधल्या एका कर-प्रोग्रामने रायगड जिल्ह्यातली क्रेन थांबवली. जून २०२० मध्ये ट्रस्टवेव्ह या सुरक्षा कंपनीने चीनमधले असेच प्रकरण उघड केले: स्थानिक बँकेच्या सांगण्यावरून टाकलेल्या कर-प्रोग्रामबरोबर ‘गोल्डनस्पाय’ नावाचा चोरदरवाजा आला होता. भारतातल्या कोणत्याही कर-प्रोग्रामवर असा ठपका नाही. पण एकच प्रोग्राम लाखो यंत्रांवर प्रशासकाच्या अधिकाराने चालवायला लावणे ही व्यवस्था तिन्ही देशांत सारखी आहे आणि तिची जोखीम नाकारता येत नाही.

विंडोजच्या सक्तीची झळ शॉप फ्लोअरपर्यंत पोहोचली. सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवणारे, मोजमाप यंत्राची आकडेवारी नोंदवणारे कित्येक संगणक एक्सपी आणि विंडोज ७ वर चालत होते, कारण मशीनबरोबर आलेले सॉफ्टवेअर पुढच्या आवृत्तीवर चालेल याची हमी नव्हती. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. जुलै २०१५ पासून वर्षभर विंडोज १० मोफत मिळत होते आणि ते घेण्याचा आग्रह इतका वाढला की मे २०१६ मध्ये त्या सूचनेच्या खिडकीवरची फुली दाबणे म्हणजे ठरलेल्या वेळेच्या अपग्रेडला संमती, असा अर्थ मायक्रोसॉफ्टने लावला. मशीन लाखो रुपयांचे, त्याचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. त्याला जोडलेल्या संगणकाचे आयुष्य मात्र परदेशातल्या एका कंपनीच्या वेळापत्रकावर. या विसंगतीवर आजही समाधानकारक उत्तर नाही.

२०२० मध्ये सक्ती संगणकावरून मोबाइलवर आली. २ एप्रिल रोजी आरोग्य सेतु ॲप आले आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मेच्या आदेशाने ते खासगी आणि सरकारी सर्व कर्मचाऱ्यांना अनिवार्य केले. शंभर टक्के कर्मचाऱ्यांकडे ते असण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकली. टाळेबंदीनंतर कारखाने उघडण्याची खटपट चालू होती तो हा काळ. साधा कीपॅडचा फोन असलेल्या कंत्राटी कामगाराने काय करायचे, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते. १७ मेच्या आदेशात अट सैल झाली आणि ज्यांचा फोन चालण्याजोगा आहे त्यांच्यापुरते शक्य तेवढे प्रयत्न करावेत असे म्हटले गेले. सोळा-सतरा दिवसांत केलेली ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण सक्ती करणाऱ्याने फोन कोणाच्या हातात कसला आहे याची दखल घेतली.

त्याच काळात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. मालकी आणि भागीदारीच्या धंद्यांना वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र ओटीपीने प्रमाणित करण्याची मुभा पूर्वीपासून होती. कंपन्यांना टोकन आणि एमसाइनर लागेच. २०२० आणि २०२१ मध्ये काही महिने कंपन्यांनाही ओटीपी चालेल असे सरकारने जाहीर केले. ड्रायव्हर नाही, जावा नाही, पोर्ट नाही. विवरणपत्रे तरीही भरली गेली. भोसरीच्या एका गाळ्यातल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला आणि शेजारच्या गाळ्यातल्या भागीदारी संस्थेला वेगळी वागणूक देण्याची तांत्रिक गरज नव्हती, हे त्या महिन्यांनी दाखवले. मुदत संपल्यावर टोकन परत आले.

ई-इन्व्हॉइसची सक्ती तुलनेने विचारपूर्वक आली. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्या सर्वांना लागू झाली. मधल्या तीन वर्षांत हिशेबाच्या प्रोग्रामांनी ती सोय आपल्यात सामावून घेतली, त्यामुळे भोसरी आणि चाकणच्या मध्यम पुरवठादारांपर्यंत ती पोहोचली तेव्हा बऱ्याच जणांना वेगळे काही टाकावे लागले नाही. आधी मोठ्यांनी चटके सोसले, मग लहानांची पाळी आली; एरवी हा क्रम उलटा असतो.

अलीकडची सक्ती थेट कामगाराच्या फोनवर आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने १ ऑगस्ट २०२५ पासून नवा सार्वत्रिक खाते क्रमांक काढण्यासाठी उमंग ॲपमधून चेहऱ्याची ओळख पटवणे बंधनकारक केले. उमंगबरोबर आधारचे चेहरा ओळखणारे दुसरे ॲपही फोनवर असावे लागते. हा क्रमांक पूर्वी मालक किंवा कंत्राटदार आपल्या लॉगिनमधून काढून देई आणि त्या पद्धतीत चुकीची नावे, एकाच माणसाचे दोन क्रमांक असे दोष होते. ते काढण्याचा हेतू योग्य आहे. पण चाकणच्या कारखान्यात प्रथमच कामाला लागलेल्या तरुणाला आता पहिल्या पगाराआधी जागा रिकामी असलेला, चांगल्या कॅमेऱ्याचा स्मार्टफोन लागतो, आणि तो नसेल तर सोबत्याच्या किंवा कंत्राटदाराच्या फोनवर दोन ॲप टाकून घ्यावी लागतात. आंतरराष्ट्रीय कर्मचारी आणि नेपाळ-भूतानचे नागरिक यांच्यासाठी मालकामार्फत क्रमांक काढण्याची जुनी पद्धत चालू ठेवली आहे. फोन नसलेल्या भारतीय कामगाराला तशी सवलत त्या परिपत्रकात दिलेली नाही.